म्हातारीच्या डोक्यावर अकरा कळ्या

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी भिंग घेऊन पाहिले, तेव्हा माझ्या मॅमिलॅरिया हाह्नियाना या निवडुंगाच्या पांढऱ्या केसांत मसुरीच्या दाण्याएवढे गुलाबी ठिपके दिसले. मोजले, तर ते अकरा भरले. या केसांमुळेच त्याला इंग्रजीत ‘ओल्ड लेडी कॅक्टस’ म्हणतात आणि आमच्या घरात ती सरळ ‘म्हातारी’च आहे.

हे रोप तीन वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून आणले, तेव्हा त्यावर एक झोकदार गुलाबी फूल होते. दीड महिना झाला तरी ते कोमेजेना, म्हणून चिमट्याने हलवून पाहिले, तर ते ग्लू गनने चिकटवलेले वाळके फूल निघाले आणि त्याच्याबरोबर काट्यांचे चार झुबकेही सुटून आले. तिथे पडलेला तपकिरी डाग मात्र उपयोगी ठरला. निवडुंगाची नवी वाढ शेंड्याच्या मध्यातून होते आणि जुना भाग हळूहळू बाहेर व खाली ढकलला जातो. त्यामुळे त्या वेळी शेंड्यालगत असलेला तो डाग आज दोन सेंटिमीटर खाली आला आहे आणि कळ्यांचे कडे त्याच्या वर उमटले आहे.

मॅमिलॅरियाची फुले अगदी कोवळ्या शेंड्यावर येत नाहीत. आदल्या हंगामात वाढलेल्या उंचवट्यांच्या बेचक्यांतून ती निघतात, म्हणून त्यांचे कडे तयार होते. याचा अर्थ, पावसाळ्यात रोप वाढलेच नाही, तर पुढच्या वर्षी फुले यायला जागाच उरत नाही. माझी पहिली दोन वर्षे मात्र दुसऱ्याच कारणाने वाया गेली. ‘बिचारे सुकले असेल’ या मायेपोटी मी थंडीतही दर आठवड्याला पाणी घालत राहिलो. मूळच्या मध्य मेक्सिकोत या जातीला उन्हाळी पाऊस आणि कोरडा, गार हिवाळा मिळतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तापमान बऱ्याचदा १० ते १२ अंशांपर्यंत उतरते, म्हणजे गारवा आपोआपच मिळतो. कोरडेपणा तेवढा आपण द्यायचा असतो. यंदा १५ नोव्हेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत थेंबभरही पाणी दिले नाही. रोप थोडे आक्रसले आणि बुडाशी सुरकुत्या पडल्या, पण मी हात आवरला.

उन्हाचा हिशेबही लिहून ठेवतो. कोथरूडमधली आमची बाल्कनी दक्षिणेकडे उघडते. डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, त्यामुळे ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येते. उलट मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो मध्यान्ही डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो आणि बाल्कनीत नुसता उजेड उरतो. ऐन एप्रिलच्या रणरणत्या दुपारी मी हिरवी जाळी लावतो. बाकी वर्षभर तिची गरज पडत नाही.

माती म्हणजे एक भाग पोयटा, दोन भाग विटांचे चाळलेले तुकडे आणि एक भाग जाडसर वाळू. कोकोपीट मी सोडून दिले, कारण ते एकदा पूर्ण कोरडे पडले की पाणी चटकन शोषत नाही आणि पावसाळी हवेत ओले राहिले की लवकर वाळत नाही. जुलैत कुंडी छपराखालीच असते.

ऑगस्टमध्ये केसांत पिठ्या ढेकूण शिरला. पांढऱ्यात पांढरा, त्यामुळे तो आठवडाभर नजरेतच आला नाही. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपला, रोप सावलीत ठेवले आणि दर पाच दिवसांनी असे तीनदा केले. केसांवर कडुनिंबाचे तेल फवारायचा मोह टाळला, कारण तेलाने केस चिकटून कळकट होतात.

आज, १८ फेब्रुवारीला, सात फुले उमलली आहेत. ती सकाळी अकराच्या सुमारास उघडतात आणि संध्याकाळी मिटतात. प्रत्येक फूल जेमतेम दीड सेंटिमीटरचे आहे. परवा कुंडीच्या कडेने अर्धी वाटी पाणी दिले. कडे मात्र अर्धेच आहे. वर्षभर भिंतीकडे राहिलेल्या बाजूला एकही कळी नाही, कारण कुंडी फिरवायचे मला सुचलेच नाही. फुले उतरली की दर महिन्याला पाव वळसा द्यायचा, असे कुंडीवर खडूने लिहून ठेवले आहे.