रिकाम्या टाकीला पाच आठवडे जेवू घातलं त्याची गोष्ट

आमच्या घरात पाच आठवडे एक फिश टँक चालू होता ज्यात मासा नव्हता. लाईट चालू, फिल्टर बुडबुड करतोय, आणि मी रोज सकाळी त्यात चिमूटभर माशाचं खाणं टाकतेय. सासूबाई दोन आठवडे काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "अगं, कुणाला वाढतेस?"

याच्या मागे एक मेलेला मासा आहे, त्याचं आधी सांगते. गेल्या डिसेंबरात मी एक निळा फायटर आणला होता. (बेटा म्हणा, फायटर म्हणा, तोच तो. दुकानात प्लास्टिकच्या ग्लासांच्या उतरंडीत एकटा एकटा ठेवलेला असतो तो.) दुकानदार म्हणाला याला काही लागत नाही मॅडम, बाऊलमध्ये मस्त राहतो, पाणी खराब दिसलं की पूर्ण बदलायचं. मी ऐकलं. गोल बाऊल, रंगीत गोट्या, नळाचं पाणी. पाणी गढूळ झालं की सगळं ओतून, बाऊल विम बारने घासून, परत नळाचं पाणी. नवव्या दिवशी सकाळी तो आडवा पडला होता आणि पंख कडेने चिंध्या झाल्यासारखे.

मग रात्री बसून वाचत गेले आणि कळलं की मी त्याला तीन-चार प्रकारे मारलं होतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन, ते मी तसंच ओतलं. पुण्यातली डिसेंबरची रात्र, बाऊल खिडकीत, आणि हा मासा थायलंडकडचा, त्याला 25 ते 27 अंश कोमट पाणी लागतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे अमोनिया. माशाच्या शी-शूतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया होतो, तो विषारी. टाकी जुनी झाली की एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राईट करतात, तेही विषारीच, मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते त्यामानाने बरंच सोसवतं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते स्पंजला, गोट्यांना, काचेला चिकटून वाढतात. म्हणजे मी विम बारने जे घासत होते ना ते हेच.

"त्याला काही लागत नाही" हे कुठून आलं तेही कळलं. बेटाला कल्ल्यांबरोबर डोक्यात लॅबिरिंथ नावाचा एक अवयव असतो, त्याने तो वर येऊन सरळ हवेतला श्वास घेतो, म्हणून कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तग धरतो. भातखाचरातल्या उथळ पाण्यात राहतो हेही खरं. पण खाचर उथळ असलं तरी पसरलेलं असतं हो, गवत असतं, ऊन असतं. तग धरणं आणि राहणं यात फरक आहे. तिकडे थायलंडने 2019 मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर केलं, आणि आपण त्याला लोणच्याच्या बरणीएवढ्या जागेत ठेवतो.

तर दुसऱ्या वेळी दीड फूट बाय एक बाय एकचा टँक घेतला, साधारण चाळीस लिटर. पहिल्यांदा चपलांच्या रॅकवर ठेवला आणि अर्धा भरल्यावर रॅकची फळी मधून वाकली, मग मी आणि नवरा मगाने पाणी उपसतोय रात्री अकरा वाजता. चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो, वर काच आणि गोट्या, हे डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी शिवणाच्या मशीनच्या जुन्या टेबलावर बसला. पन्नास वॉटचा हीटर, थर्मामीटर, एअर पंपावरचा स्पंज फिल्टर (जोराचा फिल्टर नको, लांब पंखांचा मासा वाहत जातो), क्लोरीन मारायचं औषध, दोन अनुबियास (पाण्यातली झाडं), आणि झाकण. झाकण हवंच, हे मासे उडी मारतात.

आणि मग वाट बघणं. खाणं टाकायचं, ते कुजून अमोनिया होतो, त्यावर जिवाणू वाढतात. टेस्ट किटच्या नळीत अमोनियाचा रंग हिरवा, मग काही दिवसांनी नायट्राईट जांभळं, आणि ते जांभळं इतके दिवस हटेना की मला वाटलं किटच खराब निघाली. पस्तिसाव्या दिवशी एक नळी पिवळी, एक फिकट निळी, म्हणजे अमोनिया शून्य, नायट्राईटही शून्य. मी स्वयंपाकघरात ओरडत गेले, तिथे कुणालाच काही कळलं नाही.

सोसायटीच्या गेटपाशी देशी बदामाचं झाड आहे, त्याचं वाळून तांबूस झालेलं पान धुवून, उकळून टाकलं. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. "चहा ओतलास का त्यात?" सासूबाईच. बेटाला हे पाणी मानवतं असं पाळणारे सांगतात, आमच्याला तरी आवडलेलं दिसतं, तो त्या पानाखालीच झोपतो.

आमचा म्हणजे विटकरी रंगाचा, आखूड पंखांचा फायटर, त्याला प्लाकाट म्हणतात. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली, मधेमधे टाकीतलं वाटीभर पाणी पिशवीत घातलं, मग जाळीने उचलून सोडला, पिशवीतलं पाणी बाहेर. पहिले दोन दिवस काचेतल्या स्वतःलाच बघून गाल फुगवत होता, मागे काळा कागद लावला तेव्हा शांत झाला. सकाळ-संध्याकाळ तीन-तीन गोळ्या, रविवारी उपास. त्याच दिवशी पाव भाग पाणी बदलते, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळते, नळाखाली नाही. गेल्या बुधवारी फिल्टरच्या कोपऱ्यात त्याने फेसाचं घरटं केलं होतं, साबणाचा फेस वाटावा असं, पण बोट लावलं तर चिकट. नर अंड्यांसाठी करतो ते, मादी नसली तरी करतो.

आणि परवा शेजारच्या मुलाला वाढदिवसाचं रिटर्न गिफ्ट म्हणून एक पांढरा फायटर मिळाला, बाऊलसकट. त्याची आई सरळ आमच्या दारात. दोन नर एकत्र ठेवता येत नाहीत, त्यामुळे तो सध्या आमच्या गॅलरीतल्या झाकणाच्या बादलीत आहे, आमच्या स्पंजचा एक तुकडा कापून त्यात टाकलाय. नवरा, जो पाच आठवडे मला हसत होता, तो काल फ्रीजशेजारची भिंत टेपने मोजत होता.