पहिली उचल आणि शेवटचा हप्ता

गव्हाचा दाणा वाळलाय की नाही, हे मी अजूनही दातानंच बघतो. वाळलेला दाणा ‘कट्’ करून फुटतो, ओला असला की दबतो. कागदावर आकडा ओलावा मोजायच्या यंत्राचाच जायचा, पण नमुना काढला की हात आधी तोंडाकडे जायचा. सरकारी खरेदी मंडळात २७ वर्षं हेच केलं. मग मंडळ विकलं गेलं.

विक्रीविरुद्धच्या निवेदनावर माझीही सही होती. आमचा कारभार धुतल्या तांदळासारखा होता असं मुळीच नाही. एका सहीसाठी अडलेला माल आवारात पावसात भिजताना मी पाहिलाय. तरीही सही केली, नोकरीच्या भीतीनं, दुसरं काय.

नव्या पाटीखाली पहिल्याच आठवड्यात एक म्हातारे शेतकरी चुरगळलेली पावती घेऊन आले.
“राहिलेला हप्ता आता कोण देणार?”
“कंपनी देईल, काका.”
“आणि नाही दिला तर?”
मी पावती उलटसुलट करून बघत बसलो.

त्यांची धास्ती खोटी नव्हती. मंडळ माल घेताना पहिली उचल देतं, सगळ्यांचा माल एकत्र करून वर्षभर विकतं आणि खर्च वजा जाता उरलेले पैसे टनामागे वाटतं. म्हणजे माल हातचा जातो तेव्हा पुरता भाव ठरलेलाच नसतो. खर्चात काय काय घालायचं, हे विकणारा ठरवणार. तो विकणारा कुणाचा माणूस, यावरच सगळं.

ऑस्ट्रेलियात नेमका इथंच घोळ झाला. १९३९ चं तिथलं गहू मंडळ १९९९ मध्ये शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी झालं आणि २००१ मध्ये शेअर बाजारात आलं. शेतकऱ्यांचे शेअर एका वर्गाचे, गुंतवणूकदारांचे दुसऱ्या. एकाला गव्हाला भाव हवा, दुसऱ्याला लाभांश. बरं, गहू जहाजानं परदेशी पाठवायची मक्तेदारीही कंपनीकडेच राहिली. दुसऱ्या कुणाला मोठा माल पाठवायचा तर हिला नकार द्यायची मुभा. पुढं उघड झालं, की याच कंपनीनं इराकला गहू विकताना जॉर्डनच्या एका वाहतूक कंपनीमार्फत सद्दाम सरकारकडे सुमारे २९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर पोचवले होते. नाव काय, तर वाहतूक खर्च! २००६ मध्ये चौकशीचा अहवाल आला, २००८ मध्ये मक्तेदारी गेली.

कॅनडानं क्रम उलटा ठेवला. २०१२ मध्ये मक्तेदारी मोडली, २०१५ मध्ये मंडळाचा ५०.१ टक्के हिस्सा खासगी कंपनीला दिला. तिथंही शेतकरी चिडलेच. मंडळ आमच्या पैशावर उभं राहिलं, ते परस्पर कसं देता, हा त्यांचा सवाल मला आजही रास्त वाटतो. पण निदान माल दुसरीकडे घालायची वाट आधी मोकळी झाली होती. मला विचाराल तर विक्रीआधी एवढं तरी झालंच पाहिजे.

आमच्याकडेही सुदैवानं दुसऱ्यांना खरेदीची परवानगी आधीच मिळाली होती. काकांचा हप्ता तीन महिने उशिरा मिळाला. पुढच्या हंगामात त्यांनी अर्धा माल समोरच्या व्यापाऱ्याला घातला, अर्धा आमच्याकडे आणला. मी नमुना काढून दाणा तोंडात टाकला, तसे म्हणाले,
“दात तरी तुमचेच आहेत ना अजून?”