गाडी वाशीला, आम्ही गिरगावात

मामा गिरगावात चाळीत राहतात. पुण्याहून गाडी घेऊन येतोय म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं, "अरे, पण लावणार कुठे?" प्रश्न रास्त होता. त्यांच्या गल्लीत स्कूटर लावायची तरी शेजाऱ्याला सांगून ठेवावं लागतं. फोर्टात पे अँड पार्क आहे, पण तिथे पैसे तासाचे. मुक्कामाला गाडी ठेवायची तर हिशोब कुठल्या कुठे जातो. रस्त्याच्या कडेला लावली, तर टोइंगची धाकधूक.

म्हणून गाडी वाशी स्टेशनजवळ ठेवली. एक्स्प्रेसवे कळंबोलीला संपला की सायन-पनवेल हायवेने वाशी; खाडीपूल ओलांडायचाच नाही. ऑक्टोबर २०२४ पासून वाशी नाक्यावर छोट्या गाड्यांना टोल नाही, त्यामुळे सरळ आत शिरायचा मोह होतो. अटल सेतूने जायचं तर एका फेरीचे २५० रुपये, आणि पलीकडे उतरल्यावर मामांचा प्रश्न आहेच.

पार्किंगवाल्याने पावती फाडण्याआधी विचारलं, "रात्रीची राहणार का?" त्याने नाही विचारलं तर आपण सांगावं. रात्रीचा दर वेगळा असू शकतो आणि काही ठिकाणी रात्री गाडी ठेवूच देत नाहीत. मॉलचं पार्किंग स्टेशनजवळ म्हणून सोयीचं वाटतं, पण मॉल बंद झाल्यावर गाडी आत चालेल का, हे आधी विचारलेलं बरं. पावतीवर त्याने नंबर आणि वेळ पेनाने खरडली. अक्षर असं, की मी तिथेच फोटो काढून ठेवला. जागाही भिंतीकडेची मागून घेतली. मागे कुणी आडवी गाडी लावली की त्या माणसाला शोधत बसावं लागतं. चावी मागितली नाही, हे उत्तम.

पुढचं सोपं. वाशीहूनच सुटणारी लोकल धरली की बसायला मिळतं. सीएसएमटीला उतरून मेट्रो ३ घ्यायची, काळबादेवीनंतर गिरगाव. सोबत फार सामान किंवा गुडघे दुखणारं माणूस असेल तर मात्र हा खटाटोप करू नये, टॅक्सी परवडली.

परतीचा दिवस रविवार असेल तर हार्बर लाइनवर, म्हणजे वाशीच्या लोकलच्या मार्गावर, मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) आहे का, ते आधी बघा. ब्लॉक लागलाच, तर मेन लाइनने ठाण्याला जाऊन ट्रान्स-हार्बरने वाशी गाठता येतं. वेळ जास्त जातो, तेवढा धरूनच मामांकडून निघा.