बॉनचे अकरा दिवस: हवामानाच्या वाटाघाटी मागच्या रांगेतून

16 जून 2025, सोमवार. जर्मनीतल्या बॉनच्या वर्ल्ड कॉन्फरन्स सेंटरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान वाटाघाटींच्या जूनमधल्या अधिवेशनाचं कामकाज सकाळपासून सुरू व्हायचं होतं. विषयपत्रिका मंजूर होऊन खऱ्या कामाला हात लागला तो मंगळवारी संध्याकाळी. तोवर शेकडो प्रतिनिधी कॉरिडॉरमध्ये उभे. कोणी फोनवर, कोणी भिंतीला टेकून लॅपटॉपवर. मी बीड जिल्ह्यातल्या गावांसोबत विहिरींच्या पाणीपातळीचं काम करते, आणि एका संस्थेच्या कोट्यातून निरीक्षक म्हणून पहिल्यांदाच इथे आले होते. सोमवारी दुपारी मला या सगळ्याचा राग आला होता. इतक्या लांबून आपण येतो आणि ही मंडळी विषयांच्या यादीवरच अडून बसतात!

मंगळवारपर्यंत माझं मत बदललं. भारत ज्या समविचारी विकसनशील देशांच्या गटात आहे, त्या गटाला 2015 च्या पॅरिस हवामान कराराचं कलम 9.1 स्वतंत्र विषय म्हणून हवं होतं. विकसित देशांनी विकसनशील देशांना पैसा पुरवायचा, ही कायदेशीर जबाबदारी सांगणारं हे कलम. दुसरा आग्रह युरोपच्या सीमेवरील कार्बन शुल्कासारख्या एकतर्फी व्यापारी उपायांवर चर्चा व्हावी असा होता. जे विषयपत्रिकेवर नाही त्यावर मसुदा लिहिला जात नाही. आणि जे एकदा विषयपत्रिकेवर आलं पण पूर्ण झालं नाही, ते वाटाघाटींच्या कार्यपद्धतीच्या नियम 16 प्रमाणे आपोआप पुढच्या अधिवेशनात जातं. म्हणजे यादीत जागा मिळवणं हीच मुळी पहिली वाटाघाट. त्यात भर म्हणजे मतदानाचा नियम, क्रमांक 42, आजवर मंजूरच झालेला नाही. त्यामुळे सगळं सहमतीने, आणि एका गटाची हरकतही काम थांबवू शकते. शेवटी दोन्ही गोष्टी स्वतंत्र विषय झाल्या नाहीत. 9.1 वर सभाध्यक्षांनी वेगळी सल्लामसलत करायची असं ठरलं. नव्याने जाणाऱ्यांनी हे दोन नियम विमानातच वाचून घ्यावेत, नाहीतर पहिले दोन दिवस माझ्यासारखे चिडण्यात जातील.

जायचं कसं, ते आधी सांगते. व्यक्तीला थेट नोंदणी करता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान सचिवालयाकडे मान्यता असलेल्या संस्थेने तुमचं नाव द्यावं लागतं, आणि प्रत्येक संस्थेचा कोटा ठरलेला असतो. त्यामुळे अशा संस्थेशी हिवाळ्यातच बोलून ठेवा. व्हिसा शेंगेन. माझा पासपोर्ट निघायच्या तीन दिवस आधी हातात आला आणि तोवर जिवाची घालमेल झाली, म्हणून अर्ज जितका लवकर करता येईल तितका करा. मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे. विमानतळाला जोडलेल्या स्टेशनवरून वेगवान रेल्वेने सीगबुर्ग/बॉनला पाऊण तासाच्या आत पोचता येतं, आणि तिथून 66 नंबरची ट्राम थेट हॉयसआले/म्युझेउम्समाइले थांब्यावर सोडते. सभास्थान तिथून चालत काही मिनिटांवर. जूनमध्ये बॉनमधल्या खोल्या महाग होतात. मी सीगबुर्गला राहिले आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही, कारण त्याच ट्रामच्या प्रवासात मी रोज दुसऱ्या दिवसाचे मसुदे वाचत असे.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. शिवाय 19 जूनला, गुरुवारी, त्या प्रांतात ख्रिस्ती सणाची सार्वजनिक सुट्टी होती आणि मला ते बुधवारी रात्री कळलं. भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या सोबत न्या. तूप, खवा, पेढे मात्र नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला मनाई आहे. नळाचं पाणी पिता येतं, बाटली पुरे. आणि जून म्हणजे थंडी असेल या समजुतीत राहू नका. शेवटच्या आठवड्यात चांगलंच उकडलं.

आता मुख्य गोष्ट. एकाच वेळी अनेक खोल्यांमध्ये वेगवेगळे विषय चालू असतात. पहिल्या दिवशी मी तीन विषयांवर खुणा करून ठेवल्या होत्या. एका जुन्या निरीक्षक ताईंनी माझी वही बघितली आणि म्हणाल्या, "एकच धर. पहिल्या बैठकीपासून शेवटच्या बैठकीपर्यंत." तेवढं ऐकलं म्हणून माझा प्रवास कामी आला. मी धरला तो विषय अनुकूलनाच्या जागतिक उद्दिष्टाचा. 2023 मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत त्याची चौकट ठरली होती. पाणी, अन्न, आरोग्य, परिसंस्था, पायाभूत सुविधा, उपजीविका आणि सांस्कृतिक वारसा अशी सात क्षेत्रं, शिवाय नियोजन आणि अंमलबजावणीच्या टप्प्यांची चार लक्ष्यं. जग हवामान बदलाशी किती जुळवून घेतंय हे मोजायचं तर निर्देशक हवेत. तज्ज्ञांनी हजारोंमधून निवडून 490 निर्देशकांची यादी आणली होती. बॉनमध्ये ठरवायचं होतं की ती शंभरापर्यंत कशी खाली आणायची, आणि त्यात पैशाचं मोजमाप असेल की नाही.

खोलीची रचना लक्षात घ्या. मध्ये चौकोनात टेबलं, देशांच्या पाट्या, आणि भिंतीलगत आम्ही. बोलायचं असेल तर प्रतिनिधी आपली पाटी उभी करतो. समोर दोन सहसूत्रधार बसतात, एक विकसित देशातला, एक विकसनशील देशातला. फोटो आणि ध्वनिमुद्रण यांना अशा बैठकांत बंदी आहे आणि ती पाळायचीच. तुमच्या एका फोटोमुळे पुढच्या बैठकीतून सगळे निरीक्षक बाहेर काढले जाऊ शकतात. गळ्यातल्या बिल्ल्याचा रंगही बघायला शिका: गुलाबी म्हणजे देशाचा प्रतिनिधी, पिवळा म्हणजे आपण.

तिसऱ्या बैठकीपर्यंत माझ्या लक्षात आलं की चांगला वाटाघाटी करणारा माणूस फार बोलत नाही. जे पाच-सात मिनिटं भूमिका मांडत, त्यांचं बोलणं सहसूत्रधारांच्या टिपणात एका ओळीत उरे. एक ज्येष्ठ प्रतिनिधी मात्र पाटी उभी करून फक्त म्हणत, "परिच्छेद अमुक, ओळ तमुक, या शब्दाऐवजी हा शब्द," आणि दोन वाक्यांत कारण देत. त्यांचा शब्द पडद्यावरच्या मसुद्यात जात असे. ज्यावर एकमत नाही त्याला चौकोनी कंस पडतो. कंस टाकणं सोपं, काढणं कठीण. म्हणून अनुभवी मंडळी आपल्या प्रत्येक कंसाची किंमत आधीच ठरवून येतात: हा कंस कशाच्या बदल्यात काढू, हा कधीच काढणार नाही.

शब्दांचा हा बारकावा नवख्या माणसाला कीस पाडण्यासारखा वाटतो. पण 2015 मध्ये पॅरिसच्या परिषदेच्या शेवटच्या दुपारी सगळा करार एका शब्दापाशी थांबला होता. विकसित देशांच्या उत्सर्जन-कपातीच्या कलमात 'शॅल' आलं होतं, आधी 'शुड' होतं. आपल्याकडे 'करतील' आणि 'करावे' यात जेवढा फरक आहे तेवढाच, पण 'शॅल'मुळे अमेरिकेला करार संसदेत न्यावा लागला असता. अखेर टंकलेखनाच्या चुकांच्या यादीत तो शब्द दुरुस्त झाला. त्याआधी 2011 मध्ये डरबनच्या हवामान परिषदेत, मध्यरात्र उलटून गेल्यावर, भारत आणि युरोपीय संघ यांच्यातली कोंडी फुटली ती सभागृहातच सगळ्यांनी गोल उभं राहून केलेल्या घोळक्यात. 'कायद्याचं बळ असलेला सहमतीचा निष्कर्ष' असे शब्द सापडले, जे दोघांनाही आपापल्या देशात सांगता येण्यासारखे होते. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. समोरच्याला हरवणारं वाक्य शोधू नये. समोरचा आपल्या राजधानीला कोणतं वाक्य फोन करून सांगू शकेल, ते शोधावं.

माझी चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. भूजलपातळीचा निर्देशक यादीत राहावा यासाठी मी चार पानी टिपण घेऊन गेले होते. आलेख, तक्ते, टँकरच्या फेऱ्यांचे आकडे, सगळं. पहिल्या बुधवारी एका छोट्या बेटराष्ट्राच्या प्रतिनिधीला ते दिलं. त्यांच्या देशाची सगळी मिळून तीन माणसं आली होती आणि त्या तासात त्यांना दोन खोल्यांत हजर राहायचं होतं. चार पानं वाचायची कधी? रात्री सीगबुर्गला बसून मी त्याच्या सात ओळी केल्या: कोणत्या निर्देशकाबद्दल, काय बदल, का, आणि तयार वाक्य. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या रांगेत त्यांनी त्या सात ओळी उभ्या उभ्या वाचल्या आणि विचारलं, "आमच्याकडे गोडं पाणी समुद्राच्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थरात असतं. पातळी तीच राहते, पाणी खारट होतं. तुमच्या निर्देशकात ते कुठे दिसेल?"

मला उत्तर देता आलं नाही. बीडमध्ये पातळी खाली जाते म्हणून मी पातळीच मोजत आले होते. त्या प्रश्नानंतर मी माझं वाक्य बदललं आणि पातळीसोबत पाण्याची प्रतही घातली. गट कसे बनतात हे मला तिथे कळलं. जी-77 आणि चीन हा 134 विकसनशील देशांचा गट रोज सकाळी भेटतो, आणि तिथे बेटाचं आणि दुष्काळी पठाराचं दुखणं एका वाक्यात बसवावं लागतं. ते बसलं नाही तर गट फुटतो आणि प्रत्येकजण आपापल्या पाटीमागून बोलतो. तुमची मागणी दुसऱ्या कोणाच्या अडचणीशी जोडता येते का, हे घरून निघण्याआधीच तपासा.

छोट्या शिष्टमंडळांना मदत हवी असते. औपचारिक सभांना दुभाषी असतात, पण या अनौपचारिक बैठका फक्त इंग्रजीत चालतात. ज्यांची भाषा फ्रेंच वा पोर्तुगीज आहे त्यांना वेगाने बदलणारा मसुदा धरून ठेवणं जड जातं. प्रत्येक बैठकीनंतर मी अर्ध्या तासात स्वच्छ टिपणं काढून आमच्या गटाला देत असे. आठवडा संपेपर्यंत प्रतिनिधीच विचारू लागले की कालच्या बैठकीत कोण काय म्हणालं. वाटाघाटींचा रोजचा अहवाल देणारं, सर्वांना वाचता येणारं 'अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन' हे पत्रक रोज सकाळी वाचाच, पण तुमच्या एका विषयाचा बारीक तपशील तुमच्याच वहीत असला पाहिजे.

26 जूनला, शेवटच्या दिवशी, आमचा विषय अडला तो पैशापाशी. 'अंमलबजावणीची साधनं', म्हणजे पैसा, तंत्रज्ञान आणि क्षमतावाढ, यांचे निर्देशक हवेत असं विकसनशील देशांचं म्हणणं. मला ते पूर्णपणे पटतं. शेतकरी किती जुळवून घेतोय हे मोजायचं आणि त्याला मदत किती पोचली ते मोजायचं नाही, हा न्याय नव्हे. दुपारनंतर बैठका बंद दाराआड गेल्या. आम्ही बाहेर जमिनीवर बसून राहिलो. अशा वेळी निघून जाऊ नका, दार उघडतं तेव्हा प्रतिनिधी पाणी प्यायला बाहेर येतात आणि दोन मिनिटं मोकळे असतात. एकाने मला पडद्यावरचा परिच्छेद तोंडी सांगून विचारलं, "हे तुमच्या गावाला चालेल?" मी म्हटलं, साधनांचा उल्लेख राहिला तर चालेल. तो राहिला, आणि शंभराहून अधिक निर्देशक नकोत हेही ठरलं. समारोपाची सभा रात्री उशिरापर्यंत चालली. शेवटच्या ट्रामची वेळ आधी बघून ठेवा.

नोव्हेंबर 2025 मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमच्या हवामान परिषदेत 59 निर्देशकांची यादी मंजूर झाली, पण त्याच समारोपाच्या सभेत अनेक देशांनी तिच्यावर हरकती नोंदवल्या. म्हणजे काम संपलेलं नाही. सध्या आम्ही अकरा गावांत विहिरींच्या पातळीबरोबर पाण्याचा खारेपणाही दर महिन्याला नोंदवतो आहोत. पुढच्या जूनसाठी कोणी याच विषयात बसणार असेल तर माझी बॉनची वही द्यायला मी तयार आहे.