नारळ आडवा राहिला तिथे

एप्रिलची दुपार. नांगरून पडलेल्या रानातून, बोअरसाठी पाण्याची जागा दाखवणारा पाणाड्या तळहातावर सोललेला नारळ घेऊन सावकाश चाललेला, मागे मालक आणि चार शेजारी. एका जागी नारळ ताडकन उभा राहतो, म्हणजे इथे पाणी. सगळे थबकतात. कितीदा पाहिलं तरी गंमत वाटते.

नारळ खरोखरच उभा राहतो, त्यात बहुधा लबाडी नसते. शेंडी राखलेला, खळखळणारा नारळ तळव्यावर आडवा ठेवला की त्याचा तोल मुळातच नाजूक. बोटं किंचित हलली की आतलं पाणी खालच्या टोकाकडे धावतं, ते टोक जड होतं आणि नारळ उठतो. काही पाणाडे वापरतात त्या उंबराच्या बेचकीचंही तसंच. दोन्ही फाटे ताणून धरले की मनगट जरा फिरायचा अवकाश, टोक गरकन वळतं. हात हलल्याचं ज्याचा हात त्यालाच कळत नाही.

इंग्रज शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटरने 1852 मध्ये या नकळत हालचालींबद्दल लिहिलं. पुढच्याच वर्षी, हात ठेवले की ‘आपोआप’ फिरणाऱ्या, भुतं फिरवतात असं मानलेल्या टेबलांचं वेड जोरात असताना, शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने हात आणि टेबल यांच्यामध्ये काचेच्या रुळांवर सरकणाऱ्या फळ्या ठेवल्या आणि त्यांना गवताची काडी जोडली. हाताने जरा रेटलं की काडी कलणार. माणसांना काडी दिसू लागली आणि टेबल फिरायचं थांबलं. भुतं बिचारी काडीला घाबरली!

पण पाणी लागतं त्याचं काय? आपल्या काळ्या दगडाखाली नद्या वाहत नसतात. पाणी साठतं मुरमात, कुजलेल्या खडकात, भेगांत, दोन थरांच्या सांध्यात. पाऊस बरा झाला असेल तर पुष्कळ जागी थोडंफार लागतंच. शिवाय मुरलेला पाणाड्या उतार, ओढ्याची जुनी वाट, उंबर, वारूळ हेरतो. झाडं आणि वारुळांवरून पाणी ओळखण्याच्या खुणा वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही आहेत. श्रेय द्यायचंच तर त्या नजरेला द्यावं.

पारख करायला पैसाही लागत नाही. शंभर फूट सरळ पट्टा आखा. पाणाड्याने दाखवलेल्या जागांची अंतरं टेपने मोजून लिहा, खुणा पुसा. मग डोळे बांधून, दुसऱ्या टोकाकडून पुन्हा चालवा. बरोबर चालणाऱ्यालाही जागा ठाऊक नकोत. नाहीतर त्याचं पाऊल नेमकं तिथेच रेंगाळतं. पायाला ओळखू येईल असा दगड, बांध, ओल पट्ट्यात नको. आणि ‘जुळलं’ कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. एकमेकांपासून लांब अशा चार खुणा असतील आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट सूट दिली, तर शंभरातले चाळीस फूट आयतेच ‘बरोबर’ ठरतात. इथेच भलेभले फसतात.

खरी पारख मात्र सहसा कोणी करत नाही. नारळ आडवा राहिला तिथेही खोदून बघायला हवं. पण कोण खोदेल? म्हणून लागलेल्या बोअरची गोष्ट गावभर होते आणि न खोदलेल्या जागांचा हिशेब कुठेच राहत नाही. कोरडी गेली तर यंत्र दोन फूट बाजूला लागलं होतं, नाहीतर आणखी पन्नास फूट जायला हवं होतं.

बोअरचं बिल फुटावर असतं. कोरडी गेली तरी.