रंगच तर उलटे करायचे होते ना?

मी कॅलेंडर अ‍ॅपचे डिझाइन करते असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: डार्क मोड एकदा देऊन तुम्ही तो मागे घेतलात आणि पुन्हा द्यायला दीड वर्ष लावलेत, ते का? पांढऱ्याचे काळे आणि काळ्याचे पांढरे, एवढेच तर करायचे होते. आजवर मी ‘तांत्रिक अडचणी होत्या’ एवढे बोलून विषय संपवत आले. या वेळी तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते, कारण त्या उत्तराने कुणाचे समाधान झालेले नाही, माझेही नाही.

रंग उलटे करून आम्ही पाहिले होते. सुरुवातच तिथून झाली. नुसता मजकूर वाचायचा असेल तर ते बऱ्यापैकी चालून जाते. कॅलेंडरमध्ये मात्र महिना सहा आठवड्यांवर पसरला की एका पडद्यावर ४२ चौकटी येतात, आणि आजचा दिवस, होऊन गेलेले दिवस, शेजारच्या महिन्याचे दिवस, सुट्टीचे वार हे सगळे भेद राखाडीच्या अगदी हलक्या छटांनी दाखवलेले असतात. पांढऱ्यावर राखाडी चौकट मागे सरकते. उलटे केले की तीच चौकट काळ्यावर किंचित उजळ होऊन पुढे येते, म्हणजे जे दुय्यम आहे तेच नजरेत भरते. नोंदीचा तपशील दाखवणारी पांढरी खिडकी काळी होते आणि वर तरंगण्याऐवजी पडद्याला भोक पडल्यासारखी दिसते. गडद पृष्ठभागावर सावली दिसत नाही, त्यामुळे जे जवळ ते अधिक उजळ असा नियम पाळावा लागतो, आणि तो उलटापालट करून मिळत नाही.

म्हणून आम्ही सगळे नव्याने मांडले. शुद्ध काळ्याऐवजी गूगलच्या मटेरियल डिझाइन या नियमावलीने सुचवलेली गडद राखाडी घेतली, जिच्यात लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही घटक २५५ पैकी १८ असतात. शुद्ध काळ्यावर पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक मोजणारे गुणोत्तर, २१:१ होतो आणि दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) असलेल्या अनेकांना ती अक्षरे कडेने पसरल्यासारखी दिसतात. या राखाडीवर तो १८.७:१ राहतो, शिवाय तिच्याहून गडद काही दाखवायला थोडी जागा उरते. मजकुरासाठी ४.५:१ आणि बटणे, चिन्हे, कडा यांसाठी ३:१ ही सुलभतेची मान्य प्रमाणे आम्ही आमच्या अकराच्या अकरा रंगांवर तपासली. सगळे रंग उत्तीर्ण झाले. त्या दिवशी मी निर्धास्त होते, हे आज लिहायला जड जाते.

डार्क मोड दिल्यावर तीन आठवड्यांनी एका बाईंचे पत्र आले. त्यांनी तक्रार केली नव्हती, एक शंका विचारली होती: ‘रात्री काही नोंदी आपोआप पुसल्या जातात का? सकाळी त्या परत येतात.’ सोबत दोन चित्रे होती, एकाच दिवसाची, एक दुपारी घेतलेले आणि एक रात्री. दुपारच्या चित्रात सकाळी ८:४० ला वडिलांच्या उपचारांची वेळ होती. रात्रीच्या चित्रात तो दिवस पूर्ण रिकामा होता. मी पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला, खोलीतला दिवा घालवला आणि चित्र मोठे करत गेले, तेव्हा कुठे राखाडीवर किंचित निळसर असा एक आयत दिसला, आणि त्याच्या आत, अक्षरे आहेत हे आधीच ठाऊक असल्यामुळे, अक्षरे दिसली. पोटात गोळा आला. नोंद पुसली गेलेली नव्हती. ती जागच्या जागी होती, फक्त आम्ही ती अंधारात अंधाराने रंगवली होती.

मी त्यांना फोन केला. त्यांचा फोन सूर्यास्ताला आपोआप डार्क मोडवर जाई, आणि उद्या काय आहे ते झोपण्यापूर्वी पाहून ठेवायची त्यांची सवय होती. दिवस मोकळा दिसला म्हणून त्यांनी रजा टाकली नाही, वडिलांना तयार राहायला सांगितले नाही, आणि वेळ चुकली. पुढची वेळ नऊ दिवसांनी मिळाली, आणि ते नऊ दिवस वडिलांना सोपे गेले नाहीत, एवढेच त्या बोलल्या. शेवटी म्हणाल्या, ‘माझेच लक्ष नसेल हो, हल्ली दमलेली असते मी.’ मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितले की चूक तुमची नाही, आमची आहे. ते त्यांना किती पटले, मला माहीत नाही.

कारण शोधायला एक तासही लागला नाही. उपचारांच्या वेळा बाहेरून जोडलेल्या कॅलेंडरमधून येत होत्या. एका कॅलेंडरमधल्या नोंदी दुसऱ्यात पाठवण्यासाठी असलेल्या आयकॅलेंडर या मानकात २०१६ पासून रंगाचे नाव सोबत पाठवता येते, आणि त्या कॅलेंडरने ‘नेव्ही’, म्हणजे गडद निळा, हे नाव पाठवले होते. आम्ही नोंदीची पट्टी त्या रंगाच्या २० टक्के छटेने भरत होतो आणि अक्षरे त्याच रंगात लिहीत होतो. नेव्ही रंगाचा पांढऱ्यावरचा कॉन्ट्रास्ट १६:१ आहे. आमच्या राखाडीवर तो १.१७:१ आहे.

तो रंग आमच्या अकरांपैकी नव्हता, आणि बाहेरून कोणता रंग येईल ते आमच्या हातात नव्हते, हे मी त्या आठवड्यातल्या प्रत्येक बैठकीत सांगितले आणि ते खरेही आहे. पण पट्टी आमच्याच कोडने रंगवली होती. त्याहून बोचते ते हे की डिझाइनच्या टिपणात ‘वापरकर्त्याच्या रंगाला हात लावायचा नाही’ हे वाक्य मीच लिहिले होते आणि त्यासाठी सहकाऱ्यांशी भांडले होते. तेव्हाची मी पूर्णपणे चुकले होते असे आजही म्हणवत नाही. माणूस आठवडा आधी रंगाने ओळखतो आणि मग वाचतो. जांभळे म्हणजे मुलांच्या शाळेचे, हे एकदा मनात बसले की आम्ही ते परस्पर बदलणे ही ढवळाढवळच आहे. फक्त मला तेव्हा हे उमगले नव्हते की पृष्ठभाग बदलणे म्हणजेच रंगाला हात लावणे आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबलँ या चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांच्याकडे काळा रंग फिका येतो अशी तक्रार आली, तेव्हा त्यांना आढळले की दोष रंगात नसून त्याच्या शेजारच्या रंगांत आहे. मी हे शिकलेले होते. कामाच्या वेळी ते आठवले नाही.

दीड वर्ष गेले ते यानंतर. कोणताही रंग आला तरी त्याची छटा शक्यतो तीच ठेवून उजळपणा पुरेसा वाढवायचा, हे म्हणायला सोपे आहे. आमचे जुने गणित एचएसएल पद्धतीचे होते, म्हणजे रंग हा छटा, गडदपणा (सॅच्युरेशन) आणि उजळपणा या तीन आकड्यांनी मांडणारे. तिच्या लेखी शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा सारखेच उजळ आहेत, पण काळ्यावर पिवळ्याचा कॉन्ट्रास्ट १९.६:१ येतो आणि निळ्याचा २.४:१. डोळ्याला उजळपणा जसा जाणवतो तसा मोजू पाहणाऱ्या ओकेलॅब या २०२० साली आलेल्या पद्धतीवर सगळे पुन्हा उभे केले. होऊन गेलेल्या नोंदी पारदर्शक करणे सोडले, कारण पांढऱ्यावर ज्या फिक्या होतात त्या गडदावर बुडतात. अनिश्चित नोंदीला भरीव रंग न देता नुसती कड दिली.

एवढे होऊनही तपकिरी सुटलेला नाही. तपकिरी म्हणजे आजूबाजूच्या मानाने मंद असलेला नारिंगी; त्याचा उजळपणा वाढवला की तो नारिंगी होतो आणि कुणाच्या तरी दुसऱ्या, खऱ्या नारिंगी कॅलेंडरमध्ये मिसळतो. न वाढवता सॅडलब्राउन हा नेहमीचा तपकिरी तसाच भरला, तर आतली पांढरी अक्षरे ७.१:१ ने स्वच्छ वाचता येतात, पण पट्टी स्वतः पृष्ठभागापासून २.६:१ एवढीच सुटते, म्हणजे ३:१ च्या खाली. मी तिला उजळ कड दिली. परवा एकाने लिहिले की तपकिरी नोंदी त्याला अनिश्चित वाटतात, कारण कड म्हणजे अनिश्चित हे आम्हीच त्याला शिकवले आहे. त्याचे बरोबर आहे. कड काढली तर रात्री, उजेड अगदी कमी केलेल्या पडद्यावर, तीच पट्टी पुन्हा बुडू लागते. मी कालच तपासून पाहिले. पुढच्या आवृत्तीत कड ठेवायची की काढायची, हे अजून ठरलेले नाही.