६२ म्हणजे कमी नव्हे, अगं आई

सप्टेंबर २०२०. सांगलीत आई दिवसातून चारदा बोटाला ऑक्सिमीटर लावून बसायची. ९४ च्या खाली गेलं की दवाखाना गाठायचा, हे तेव्हा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. आणि इकडे कोपनहेगनमध्ये माझी लेक सव्विसाव्या आठवड्यातच बाहेर आली. वजन ८२० ग्रॅम. नेहमीची विमानं बंद, त्यामुळे बाळंतपणाला माहेरचं कोणी येणार नव्हतंच.

व्हिडिओ कॉलवर काचेची पेटी दाखवली तर आईची नजर थेट मॉनिटरवर. "अगं, ६२ दाखवतंय! नर्सला हाक मार!"

तो आकडा मेंदूचा होता. जन्मानंतर सहा तासांच्या आत आम्हाला विचारलं होतं, की ‘सेफबूस्क’ नावाच्या संशोधनाच्या चाचणीत बाळाला घेऊ का? अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. एका गटाच्या कपाळाला पहिले तीन दिवस सेन्सरची पट्टी, दुसऱ्याची नेहमीची काळजी. आमच्या वाट्याला पट्टी आली.

बोटाचा ऑक्सिमीटर धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन मोजतो. ही पट्टी अवरक्त प्रकाश कवटीतून आत सोडते आणि मेंदूतल्या सगळ्या रक्ताचं एकत्र माप घेते. त्यात बहुतेक शिरांमधलं, म्हणजे ऑक्सिजन देऊन परतणारं रक्त. म्हणून इथे ५५ ते ८५ मध्ये असलं की ठीक. हे आईला समजावायला दोन दिवस लागले. (मला स्वतःला किती लागले ते विचारू नका.)

एकदा आकडा ५१ वर आला. मला वाटलं, आता ऑक्सिजन वाढवतील. डॉक्टरांनी आधी व्हेंटिलेटरकडे पाहिलं. श्वास जास्त दिला गेला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ऑक्सिजन पुरेसा पोचत नाही. श्वासाचा जोर थोडा कमी केला, अन् आकडा हळूहळू वर सरकला. सरसकट ऑक्सिजन ओतणंही धोक्याचंच. १९४० आणि ५० च्या दशकांत त्यापायीच हजारो अपुऱ्या दिवसांच्या बाळांची दृष्टी गेली.

तीन दिवसांनी पट्टी काढली तेव्हा मी अक्षरशः रडले. आता कळणार कसं? नर्सने लेकीला उचलून माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, वायरींसकट. इथे हे रोजचंच. आईबाप तासन् तास असे पडून असतात.

एप्रिल २०२३ मध्ये निकाल आला. १७ देशांतली १६०१ बाळं. मृत्यू किंवा मेंदूला गंभीर इजा: पट्टीच्या गटात ३५.२ टक्के, दुसऱ्यात ३४. म्हणजे फरक नाहीच. ज्या आकड्याला मी तीन दिवस देव मानलं, त्याने पारडं हललं नव्हतं. खरं सांगते, राग आला. कोणावर, ते ठाऊक नाही.

आईला फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे पट्टी नसती तरी चाललं असतं?" मी म्हटलं, आपल्या पोरीचं काय झालं असतं ते यातून कळत नाही, आई, सगळ्यांचं मिळून कळतं.

"बरं. ती बोलते का नीट?"

दोन वर्षांची तपासणी सप्टेंबरात नाही, डिसेंबरात झाली होती, कारण अशा बाळांचं वय बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजतात. तिथे तिने सहा ठोकळे रचले आणि सातवा डॉक्टरने पुढे केला तर "नको" म्हणाली. मग त्याला कळेना म्हणून "नाय". डॅनिशमधलं.

आई अजून ऑक्सिमीटर उशाशीच ठेवते.